गुन्हा, गुन्हेगार आणि वर्गीकरण : मुळशीच्या निमित्ताने

गुन्हेशास्त्रावरील बहुतेक पाठ्यपुस्तके ‘गुन्हा म्हणजे काय?’ या प्रश्नाने सुरू होतात आणि एकदोन पानांतच कायद्याच्या व्याख्येपाशी येऊन थांबतात. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे, त्या त्या वेळी अमलात असलेल्या कायद्याने जी कृती किंवा जे अकरण शिक्षापात्र ठरवले असेल तो अपराध होय. न्यायालयाला ही व्याख्या पुरेशी आहे. अभ्यासकाला मात्र ती पुरत नाही; कारण ती वस्तुतः एवढेच सांगते की, ज्याला कायदा गुन्हा म्हणतो तो गुन्हा. एखादी कृती शिक्षापात्र का ठरते, ती कोण ठरवतो, आणि तीच कृती काल निर्दोष असून आज सदोष कशी होते, हे प्रश्न व्याख्येच्या बाहेर राहतात. या प्रश्नांचा विचार करण्यासाठी पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच सापडेल. गेल्या शंभर वर्षांत गुन्हेशास्त्रातील जवळजवळ प्रत्येक मूलभूत संकल्पनेची कसोटी या एका खोऱ्यात लागलेली आहे.

प्रथम शब्दांकडे पाहणे इष्ट होईल. कायद्याच्या मराठीत ‘अपराध’ हा शब्द रूढ आहे, तर पोलीस ठाण्यात व वर्तमानपत्रात ‘गुन्हा’ दाखल होतो. ‘गुन्हा’ फारसीतून आलेला असून त्याचा मूळचा अर्थ पाप असा आहे. ‘अपराध’ संस्कृत असून त्याच्या धातूत नेम चुकण्याची कल्पना आहे. ज्या धनुर्धराचा बाण लक्ष्यावर लागत नाही तो ‘अपराद्ध’ होय. म्हणजे एका शब्दात ईश्वराचा रोष आहे, दुसऱ्यात केवळ चूक आहे. मराठेशाहीतील कागदपत्रांत ‘गुन्हेगारी’ हा शब्द आजच्या अर्थाने येत नाही. तेथे गुन्ह्याबद्दल सरकारात भरावयाचा दंड म्हणजे गुन्हेगारी. शिवाय एकाच कृत्याबद्दल सरकारचा राजदंड, जातीचा गोतदंड आणि प्रायश्चित्तरूप ब्रह्मदंड असे तीन दंड पडू शकत. १८६० साली संमत होऊन १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेने या तिहेरी हिशेबाची जागा एकाच खात्याने भरून काढली. पुढे १ जुलै २०२४ पासून ५११ कलमांच्या त्या संहितेच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली. खाते मात्र एकच राहिले.

गुन्ह्यांचे वर्गीकरण अनेक तत्त्वांवर करता येते. ज्याच्याविरुद्ध गुन्हा घडतो त्यावरून राज्याविरुद्धचे, सार्वजनिक शांततेविरुद्धचे, शरीराविरुद्धचे आणि मालमत्तेविरुद्धचे असे वर्ग पडतात. दंड संहितेची प्रकरणे स्थूलमानाने याच तत्त्वावर रचलेली होती. प्रत्येक वर्गात पुन्हा उतरंड असते. दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिकपणे हलवली की चोरी झाली. तीत बळाचा किंवा भयाचा अंश आला की जबरी चोरी, आणि जबरी चोरी करणारे पाच किंवा अधिक असले की दरोडा. दखलपात्र व अदखलपात्र, जामीनपात्र व अजामीनपात्र हे भेद कार्यपद्धतीचे आहेत. त्यांवरून पोलिसांना काय करता येते ते कळते. गुन्ह्याच्या स्वरूपाविषयी त्यांतून फारसे काही कळत नाही.

स्वरूपाचा विचार करणारा जुना भेद रोमन परंपरेतला आहे : काही कृत्ये मुळातच वाईट असतात, तर काही केवळ निषिद्ध केल्यामुळे गुन्हा ठरतात. इटालियन न्यायाधीश गारोफालो याने १८८५ साली या भेदाला शास्त्रीय रूप देण्याचा प्रयत्न केला. करुणा आणि सचोटी या दोन मूलभूत भावनांना जे कृत्य दुखावते तो ‘नैसर्गिक गुन्हा’, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे धर्मशास्त्रकारांनी व कौटिल्याने केलेला भेद याहून निराळा, आणि एका अर्थी अधिक सूक्ष्म आहे. धन्याच्या देखत, उघडपणे व बळाने केलेले कृत्य ते ‘साहस’. त्याच्या अपरोक्ष, लपवून केलेले ते ‘स्तेय’. येथे कसोटी कृत्याच्या परिणामाची नसून ते उघड केले की लपवून, याची आहे. ‘साहस’ या शब्दाचा पुढचा प्रवास लक्षणीय आहे. दंडनीय कृत्याचे नाव असलेला हा शब्द मराठीत धाडसाचा, किंबहुना गौरवाचा झाला. ‘खंडणी’ नेमकी उलट दिशेने गेली. एके काळी ती राजाने मांडलिकाकडून घ्यावयाची उजळ माथ्याची रक्कम होती. आज तो फौजदारी खटल्यातला शब्द आहे. वसूल करण्याची क्रिया तीच. वसूल करणाराची सत्ता तेवढी गेली.

आता मुळशीकडे वळू. नीला व मुळा या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधून ते पाणी सह्याद्रीवरून कोकणात भिरा येथे सोडावयाचे आणि मुंबईसाठी वीज निर्माण करावयाची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे व मावळ्यांची अनेक गावे पाण्याखाली जाणार होती. जमिनीचे रीतसर संपादन होण्यापूर्वीच कंपनीने शेतांत चाचणीचे चर खणावयास आरंभ केला, असे या लढ्याचा इतिहास सांगतो. त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने अतिक्रमण करणारा कोण, याविषयी शंकेला जागा नाही : शेत शेतकऱ्याचे होते आणि परवानगीवाचून आत आलेली कंपनी होती. पुढे सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे सामर्थ्य कंपनीच्या पाठीशी उभे केले, आणि भूमिका पालटल्या. शेतकरी होता तेथेच उभा राहिला. पण आता तोच अतिक्रमक ठरला. कृती बदलली नाही, कर्ताही बदलला नाही. बदलली ती जमिनीच्या मालकीची नोंद. निषेधामुळे निर्माण होणाऱ्या गुन्ह्याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधून सापडणार नाही.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांच्याकडे आले, आणि या लढ्यानेच त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिले. कामाच्या जागी जाऊन बसणे, काम अडवणे, मजुरांना परत जाण्याची विनंती करणे ही सत्याग्रहींची कृत्ये अतिक्रमण, अडथळा, बेकायदेशीर जमाव अशा सदरांत बसवता येत होती, आणि अनेकांनी तुरुंगवास भोगला. गारोफालोची कसोटी येथे लावली तर उत्तर विपरीत येते. करुणा आणि सचोटी कोणी दुखावली, असे पुण्यातील तत्कालीन वाचकाला विचारले असते तर त्याने बोट सत्याग्रहींकडे दाखवले नसते. अर्थात् चित्र एकरंगी नव्हते. मावळातील पुष्कळ जमीन सावकारांकडे गेलेली होती. त्यांना नुकसानभरपाईत रस होता आणि कसणाऱ्या कुळाला जमिनीत. पुढे लढ्यात जी फूट पडली तिचे एक मूळ येथे आहे.

१९२४ च्या अखेरीस या प्रकरणाने निराळे वळण घेतले. बापट व त्यांचे काही साथीदार यांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामावरील आगगाडी सशस्त्र अडवली. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली व १९३१ साली ते सुटले. धरण १९२७ मध्ये पूर्ण झाले होते. वर्गीकरणाच्या दृष्टीने १९२१ ची बैठक आणि १९२४ ची अडवणूक एका वर्गात घालता येत नाहीत. दुसऱ्या कृत्यात बळ आहे, शरीराला धोका आहे. प्राचीन परिभाषेत ते शुद्ध ‘साहस’ आहे. हेतूच्या उदात्ततेकडे पाहून हा फरक पुसून टाकणारे लेखन शास्त्राच्या कामाचे नाही, तसेच हेतूकडे डोळेझाक करणारेही नाही.

कृत्ये निराळी, पण कर्ता एकच. येथून गुन्हेगारांच्या वर्गीकरणाचा प्रश्न सुरू होतो. लोंब्रोसोने १८७६ साली ‘जन्मजात गुन्हेगार’ ही कल्पना मांडली. कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्याचा दावा होता. त्याचा शिष्य फेरी याने जन्मजात, वेडसर, भावनाविवश, प्रासंगिक आणि सराईत असे पाच वर्ग केले. १९१३ साली गोरिंगने इंग्लंडमधील सुमारे तीन हजार कैद्यांची मोजमापे प्रसिद्ध करून गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक नमुना नसल्याचे दाखवले. तथापि फेरीच्या पाचांपैकी ‘प्रासंगिक’ व ‘सराईत’ हे दोन वर्ग आजही टिकून आहेत, कारण ते शरीरावर नसून वर्तनावर आधारलेले आहेत. बापटांना या पाचांत कोठे बसवावे? राजकीय गुन्हेगाराला भावनाविवशांत घालण्याकडे खुद्द लोंब्रोसोचा कल होता. पण सनदशीर अर्जविनंत्या, सभा, सत्याग्रह आणि शेवटी सशस्त्र अडवणूक असा क्रमाने चाललेला तीनचार वर्षांचा लढा आवेगाचा होता असे म्हणणे भाषेशी अन्याय करण्यासारखे आहे.

यावरचे समाधानकारक उत्तर बरेच नंतर अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टन याने दिले. नियम मोडणाऱ्यांत त्याने दोन जाती मानल्या. एक नियम मोडतो, पण लपवतो. नियम योग्य आहे हे त्याला मान्य असते, फक्त तो आपल्याला लागू नये असे वाटते. दुसरा उघडपणे मोडतो, नियमाच्याच वैधतेला आव्हान देतो आणि शिक्षा पत्करतो. पुढे शेफर याने १९७४ साली या दुसऱ्या जातीला श्रद्धेपोटी गुन्हा करणारा असे स्वतंत्र स्थान दिले. साहस व स्तेय यांतील उघड–लपून हा जुना भेद येथे कृत्यावरून कर्त्याकडे सरकला आहे, हे सुज्ञ वाचकाच्या ध्यानी आलेच असेल.

परंतु कर्त्याला नाव देण्यात एक धोका आहे, आणि तो महाराष्ट्राने दीर्घकाळ अनुभवला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींनाच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने त्याचा अंमल मुंबई इलाख्यापर्यंत आला. रामोशी, बेरड, कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींतील माणसाला कोणतेही कृत्य न करता हजेरी द्यावी लागे. फेरीचा ‘सराईत’ निदान स्वतःच्या वर्तनाने सराईत होत असे. येथे जन्मच पुरावा झाला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या गेल्या. पण मराठीत ‘भामटा’ हा शब्द एका जमातीचे नाव म्हणूनही राहिला आणि ठकाचा वाचक म्हणूनही. कायदा रद्द करता येतो, कोशातील अर्थ रद्द करता येत नाही. तुरुंग-नियमावल्यांतही जुनी छाया टिकून होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कैद्यांना कामे वाटून देणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा विमुक्त जमातींना सराईत मानण्याच्या प्रवृत्तीचाही त्यात विचार झाला.

अमेरिकन अभ्यासक बेकर याने १९६३ साली मांडलेल्या शिक्का-सिद्धान्ताचे सार हेच आहे की, विचलन हा कृत्याच्या अंगचा गुण नसून इतरांनी लावलेल्या नावाचा परिणाम होय. आणि नाव केवळ व्यक्तीला किंवा जमातीलाच लागते असे नाही; ते प्रदेशालाही लागते. मुळशी तालुक्यात हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, डोंगरांत नवी वसाहत आखली गेली, पिरंगुटच्या बाजूला कारखाने आले आणि भातखाचरांना अभूतपूर्व भाव आला. जमीन विकून हाती आलेला पैसा संपल्यावर शेतकऱ्याचा मुलगा टोळीत कसा शिरतो, याचे चित्रण करणारा ‘मुळशी पॅटर्न’ हा चित्रपट २०१८ साली आला. तेव्हापासून हे दोन शब्द एका चित्रपटाचे नाव न राहता गुन्ह्याच्या एका प्रकाराचे नाव झाले आहेत. इतर तालुक्यांतील, इतर जिल्ह्यांतील घटनांनाही ते लावले जाते. ज्या तालुक्याचे नाव एके काळी ‘सत्याग्रह’ या शब्दाला जोडून येई, तेथील तरुणाला आज त्याच नावामुळे हसून का होईना, पण निराळ्या नजरेने पाहिले जाते. चित्रपटाचा रोख टोळीइतकाच जमिनीच्या व्यवहाराकडेही होता, हे मात्र सामान्यनाम होता होता गळून पडले.

या व्यवहाराकडे वर्गीकरणाच्या दृष्टीने पाहिले असता एक उणीव ठळकपणे दिसते. संघटित गुन्हेगारीसाठी महाराष्ट्रात १९९९ चा विशेष कायदा आहे. लोक त्याला ‘मोक्का’ म्हणतात. टोळी आणि गेल्या दहा वर्षांतील एकाहून अधिक दोषारोपपत्रे ही त्याची गमके होत. न्याय संहितेच्या १११ व्या कलमातही संघटित गुन्ह्याची अशीच व्याख्या आली आहे. कोयता घेऊन जमिनीवर ताबा मारणारा या जाळ्यात सापडतो. पोलिसांच्या नोंदीत तो ‘सराईत’ होतो, तडीपार होतो. पण ताबा कोणासाठी मारला? सदरलंडने १९३९ साली पांढरपेशा गुन्ह्याची संकल्पना मांडली ती नेमकी या प्रश्नासाठी. प्रतिष्ठित माणूस आपल्या व्यवसायाच्या ओघात जो कायदेभंग करतो, तो फौजदारी आकडेवारीत उतरतच नाही, म्हणून गुन्हेगार म्हणजे गरीब असा शास्त्राचाच गैरसमज होतो, असे त्याने दाखवले. बनावट कुलमुखत्यारपत्र, एकाच क्षेत्राची दोनदा केलेली विक्री, वारसाची लपवलेली नोंद, अशा गोष्टींवर फसवणुकीची व बनावट दस्तऐवजाची कलमे लागू शकतात. पण असा वाद पुष्कळदा दिवाणी दाव्याच्या रूपात वर्षानुवर्षे चालत राहतो. ज्या सातबाऱ्यावरून तंटा उभा राहिला तो दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात असतो, आणि त्याच तंट्यात हाणामारी करणारा तरुण पोलीस ठाण्याच्या यादीत.