गळ, तळे आणि पन्नाशीचे मित्र

पन्नाशी उलटलेल्या पुरुषांची एक तक्रार दवाखान्यात तक्रार म्हणून कधीच येत नाही. रक्तदाब, साखर, गुडघे, उडालेली झोप यांविषयी ते सविस्तर बोलतात. “मित्र आहेत ना?” असे विचारले की “पुष्कळ आहेत” असे उत्तर मिळते. शेवटची भेट केव्हा झाली, या पुढच्या प्रश्नाला मात्र आठवावे लागते. आणि आठवते ते बहुधा एखादे लग्न किंवा एखादी अंत्ययात्रा. स्त्रिया केवळ गप्पांसाठी एकमेकींकडे जाऊ शकतात. पुरुषाला भेटीसाठी काम लागते, निदान कामासारखे दिसणारे काहीतरी. समोरासमोर बसून मन उघडे करणे त्याला जड जाते. शेजारी बसून, हात कशात तरी गुंतलेले असताना, तेच थोडे सोपे होते, असे माझे तीस वर्षांच्या व्यवसायातले निरीक्षण आहे.

हा विषय केवळ हळवेपणाचा नाही. ज्युलिअ‍ॅन होल्ट-लन्स्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची जगण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. २०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकाकीपणावर स्वतंत्र सूचनापत्र काढले आणि त्याची हानी दिवसाला १५ सिगारेटी ओढण्याच्या हानीशी ताडून दाखविली. तंबाखू सोडा, असे आम्ही डॉक्टर रुग्णाला बिनदिक्कत सांगतो. मित्राकडे जा, असे औषधाच्या चिठ्ठीवर अजून कोणी लिहीत नाही.

त्याच अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, गेल्या जुलैमध्ये मी तीन आठवडे होतो. एमबीबीएसच्या वर्गातील माझे तीन मित्र तिथे स्थायिक आहेत: एक शल्यचिकित्सक, एक बालरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ. ‘दहा हजार तळ्यांची भूमी’ हे ब्रीद तिथल्या मोटारींच्या पाट्यांवर असते आणि त्यात अतिशयोक्ती नाही; दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ मोजलेली आहेत. हिवाळ्यात ती गोठतात. एप्रिलच्या सुमारास बर्फ वितळते आणि त्यानंतरचे पाचसहा महिने सारे राज्य जणू पाण्याकाठी राहायला येते. जुलैत रात्री नऊपर्यंत उजेड असतो. या दिवसांत घरोघरी मित्रांची टोळी जमवून जाण्याचा उद्योग म्हणजे ‘बॅस’ मासा गळाने पकडणे. (उच्चार ‘बॅस’च करावा. मी प्रथम ‘बास’ म्हणालो, तेव्हा मित्राच्या मराठी पत्नीने वाढणे थांबवले.)

बॅस दोन जातींचा. मोठ्या तोंडाचा हिरवट रंगाचा, त्याचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. लहान तोंडाचा तपकिरी, त्याचा तितका जात नाही. वसंतात नर उथळ पाण्यात तळाशी घरटे करतो आणि अंडी, नंतर पिल्ले यांची राखण करतो. उन्हाळा चढला की तळ्याच्या पाण्याचे थर पडतात: वर उबदार हलके पाणी, खाली थंड जड पाणी, आणि खालच्या थरात पुष्कळदा प्राणवायू तुटपुंजा. म्हणून बॅस पहाटे व सायंकाळी काठालगतच्या पाणवनस्पतींच्या कडेने भक्ष्य शोधतो आणि दुपारी कमळपानांच्या किंवा धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो. गळकऱ्याने सकाळी लवकर उठावे, दुपारी सावलीत बसावे आणि संध्याकाळी पुन्हा निघावे, हे वेळापत्रक मुळात माशाने ठरविलेले आहे. आरोग्याच्या दृष्टीने त्यात मला काही सुधारणा सुचत नाही.

मोठ्या तोंडाच्या बॅसचा विश्वविक्रम १९३२ सालचा आहे. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या विशीतल्या शेतकऱ्याने २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे सुमारे दहा किलोंचा मासा धरला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. पेरीच्या कुटुंबाने तो मासा खाल्ला. मंदीचे दिवस होते. पुढे रे स्कॉट या अलाबामाच्या विमा विक्रेत्याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बॅसच्या स्पर्धा सुरू केल्या आणि १९७२ पासून पकडलेला मासा जिवंत सोडून देण्याची प्रथा त्यांत आणली. आज बहुसंख्य हौशी गळकरी मासा क्षणभर हातात घेतात, एखादे छायाचित्र काढतात आणि सोडून देतात.

आम्ही जात होतो ते मिनियापोलिसच्या पश्चिमेचे मिनेटोंका तळे. बोट पॉन्टून प्रकारची, म्हणजे धातूच्या नळकांड्यांवर बसविलेला तरंगता ओटाच. सकाळी साडेपाचला निघायचे. पहिले दोन दिवस बोलणे झाले ते प्राध्यापकांच्या नकला, वसतिगृहाची खानावळ, मुलांच्या नोकऱ्या असेच. भूलतज्ज्ञ मित्र गप्पच असे. दीड वर्षापूर्वी त्याची पत्नी गेली. तो बराच वाळलेला दिसत होता, पण भेटताक्षणी ‘वजन किती कमी झालं?’ असे विचारण्याची डॉक्टरी सवय आम्ही तिघांनीही आवरली होती.

तिसऱ्या दिवशी, दोरीवरची नजर न काढता तो म्हणाला, “रात्री मी जेवतच नाही रे. एकट्यासाठी ताट कोण वाढून घेणार?”

कुणीच काही बोलले नाही. बालरोगतज्ज्ञाने आपला गळ पुन्हा पाण्यात फेकला. बऱ्याच वेळाने शल्यचिकित्सकाने विचारले, “आणि गोळ्या?”

“मार्चमध्ये संपल्या.”

“साखरेच्या?”

“दोन्ही. बी.पी.च्यापण.”

स्वतः डॉक्टर असलेल्या, मोठ्या रुग्णालयात तीस वर्षे इतरांच्या नाडीवर हात ठेवून बसलेल्या माणसाने चार महिने औषध घेतले नव्हते आणि त्याच शहरात राहणाऱ्या दोन मित्रांना त्याचा पत्ता नव्हता. फोनवर “बरा आहे” एवढेच तो सांगे, आणि फोनवर ते पटतही असे. त्या सकाळी उपदेश कोणी केला नाही. किनाऱ्याला लागल्यावर बालरोगतज्ज्ञाने त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांची वेळ घेतली; रक्ततपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर दहाच्या पुढे निघाली. मग दोघांनी दर शनिवारची सकाळ तळ्यासाठी आणि दर बुधवारचे रात्रीचे जेवण आळीपाळीने आपापल्या घरी, असे ठरवून टाकले. दुःखाने माणसाची भूक जाते, पथ्य जाते, आणि मधुमेहीच्या बाबतीत हे सर्व विधुर झाल्यानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत फार वेगाने होते. आपल्या आसपास असा कोणी असेल तर ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य निरुपयोगी आहे. तो सांगत नाही. वार आणि वेळ आपण ठरवून त्याला न्यायला जावे लागते.

आता पाण्यावर जाणाऱ्यांसाठी वैद्यकीय बाजू. सर्वांत महत्त्वाचे ते तरंगजाकीट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या वार्षिक अहवालांत एकच चित्र वर्षानुवर्षे दिसते: नौकाविहारातील मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश बुडून होतात आणि बुडालेल्यांपैकी दहांत आठांहून अधिक जणांच्या अंगात जाकीट नसते. बोटीत माणशी एक जाकीट असणे कायद्याने सक्तीचे आहे, दहा वर्षांखालील मुलांनी मिनेसोटात ते घालणेही सक्तीचे. मोठी माणसे मात्र ते बाकाखाली ठेवतात. ‘मला पोहता येतं’ हे उत्तर पुरेसे नाही. मे-जूनमध्ये तिथले पाणी अजून थंड असते. अचानक पडल्यास दचकून मोठा श्वास आत ओढला जातो आणि तो पाण्याखाली ओढला गेला तर पोहण्याचे कौशल्य वापरायला वेळच मिळत नाही. बोटीत बिअर ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. तोल, निर्णयशक्ती आणि शरीरातील पाणी या तिन्हींवर तिचा परिणाम होतो. आमच्या बोटीत ताक होते.

साठीच्या आसपासच्या पुरुषांची एक अडचण कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. बोटीत शौचालय नसते. प्रोस्टेटची तक्रार असलेली मंडळी त्या धास्तीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल आणि चार तास ऊन लागले, तर उठून उभे राहताच घेरी येते. काही जण बोटीच्या कडेला उभे राहून मोकळे होऊ पाहतात आणि तोल जाऊन पाण्यात पडतात. पाणी थोडे थोडे पीत राहावे, दर दीडदोन तासांनी किनारा गाठावा, आणि झाकणाची रुंद तोंडाची बाटली जवळ ठेवण्यात कोणताही कमीपणा मानू नये. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने लवकर भाजते, त्यांनी पूर्ण बाह्यांचा सदरा व रुंद कडेची टोपी घालावी.

चष्मा मात्र सर्वांनी लावावा, आणि तो केवळ उन्हासाठी नव्हे. मागे फेकलेला गळ शेजाऱ्याच्या डोळ्यात जाणे हा या छंदातला सर्वांत वाईट अपघात. तसे झाल्यास गळ ओढू नये, डोळा दाबू नये. कागदी पेला वरून झाकण म्हणून धरून, तो चिकटवून थेट रुग्णालयात जावे. बोटात रुतलेल्या गळाला उलट काटा असतो, त्यामुळे आल्या वाटेने ओढल्यास मांस फाटते. सांध्याजवळ किंवा खोल गेला असेल तर दोरी कापून डॉक्टरांकडे जाणेच शहाणपणाचे. धनुर्वाताची लस चालू आहे ना, हे प्रवासाआधी पाहून ठेवावे.

बॅसला खालच्या ओठात अंगठा घालून धरतात. त्याचे दात खरकागदासारखे असतात. दिवसभरात अंगठ्याची कातडी सोलवटते आणि गळकरी ती अभिमानाने मिरवतात. मधुमेह्याने मिरवू नये. गोड्या पाण्यातील काही जिवाणू अशाच खरचटलेल्या जागेतून शिरतात. एकदोन दिवसांत लाली व सूज चढू लागली, किंवा काही आठवड्यांनी बोटावर न दुखणारी, न भरणारी गाठ आली, तर डॉक्टरांना ‘तळ्यावर मासे धरले होते’ हे आवर्जून सांगावे. ते कळल्याशिवाय निदान चुकण्याचा संभव असतो. काठाच्या गवतातून येताना गोचीड चिकटते आणि तिच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. त्यासाठी ती सामान्यतः २४ तासांहून अधिक काळ चिकटून राहावी लागते, म्हणून घरी येताच अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा तपासली की बरेच काम होते. ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, काडेपेटी वगैरे उपाय करू नयेत.

खाण्याचे म्हणाल तर लहान बॅस खावा, मोठा सोडावा. हवेतून पाण्यात उतरणाऱ्या पाऱ्याचे तळातील जिवाणू मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. तो लहान माशांतून मोठ्यांत साठत जातो आणि बॅस हा मोठा शिकारी. पारा मांसातच असतो, त्यामुळे चरबी काढून किंवा तळून तो जात नाही. गरोदर व स्तनदा माता आणि लहान मुलांसाठी प्रत्येक राज्य तळ्यागणिक मार्गदर्शन देते, ते पाहावे.

माझ्या पत्नीने तिथे एक प्रश्न विचारला होता: खायचाच नाही, तर त्याला दुखवायचे कशाला? त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्यापाशी नाही. मित्र उलट काटा नसलेले गळ वापरतात, हात ओले करून मासा धरतात, पोटाला आधार देतात आणि कडक उन्हाच्या दिवसांत, पाण्यातला प्राणवायू आधीच उणा असताना, दुपारी गळ टाकतच नाहीत. वेदना त्याने कमी होत असेल, नाहीशी होते असे मी म्हणणार नाही. पत्नी बोटीत येत असे, दुर्बिणीतून लून पक्षी पाहत असे आणि गळाला हात लावीत नसे. तिलाही त्या सकाळी तेवढ्याच लाभल्या.

मुलांकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांसाठी दोन ओळी. दिवसभर घरात बसून दूरचित्रवाणी पाहण्यापेक्षा जवळच्या तळ्याचा सार्वजनिक धक्का गाठावा. बोटीची गरज नाही. पर्यटकालाही मासेमारीचा परवाना घ्यावा लागतो, तो थोड्या दिवसांचाही मिळतो. औषधे पूर्ण मुक्कामाची आणि वर महिनाभराची न्यावीत, ती चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि तळ्यावर जाताना त्या दिवसाच्या गोळ्या पाणी न शिरणाऱ्या डबीत खिशात असाव्यात. तीन तासांसाठी निघालेली मंडळी संध्याकाळी परततात, हे गृहीत धरावे.