जांभ्याच्या सड्यावरील पहारा

सातारा शहराच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या आसपास उंचीवर असलेले कास पठार हे जीवशास्त्राच्या दृष्टीने एक बेट आहे. लाव्ह्याच्या थरांवर घडलेला, उतारांवरील रानाने वेढलेला आणि खालच्या दऱ्यांत न तगणाऱ्या वनस्पतींना आसरा देणारा असा उघडा माथा अभ्यासक ‘आकाशातील बेट’ म्हणून ओळखतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या चार स्थळांची निवड झाली. त्यांत कास सर्वांत लहान असून त्याचा विस्तार जेमतेम हजार-बाराशे हेक्टरांचा आहे. त्याच्या दक्षिणेस सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत पसरलेल्या कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यानाचा मिळून २०१० मध्ये जो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्याचे क्षेत्र १,१६५ चौरस किलोमीटर आहे. या लहान बेटाचे आणि त्याच्या मोठ्या शेजाऱ्याचे रक्षण दोन अगदी वेगळ्या रीतींनी होते, आणि त्यामुळेच दोन्ही स्थळे एकत्र पाहण्याजोगी आहेत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर एकावर एक साचून काळा पाषाण, म्हणजेच बेसॉल्ट, तयार झाला. उष्ण आणि अतिपावसाच्या हवामानात तो दीर्घकाळ झिजत गेला, त्यातील सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांची संयुगे मागे राहून माथ्यावर तांबूस, सच्छिद्र असा जांभा खडक उरला. अशा जांभ्याच्या सपाट माथ्यास सडा म्हणतात. सड्यावर माती पुष्कळ ठिकाणी काही सेंटिमीटरच असते, तिच्यात नत्र फार कमी असते, पावसाळ्यात तिच्यावर पाणी साचते आणि उन्हाळ्यात तोच खडक रखरखीत तापतो. त्यामुळे येथे मोठी झाडे क्वचित वाढतात आणि पावसाच्या चार महिन्यांत उगवून, फुलून, बी धरून संपणाऱ्या वनस्पतींचे राज्य असते. पठारावर सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ८५० जाती आढळतात. पांढऱ्या गेंदाचे पट्टे आणि गुलाबी तेरड्याचे ताटवे दुरून दिसतात. सीतेची आसवे आणि दवबिंदू यांच्यासाठी मात्र वाकावे लागते. नत्राची उणीव या दोन्ही वनस्पती सूक्ष्म जीव व कीटक पकडून भरून काढतात, सीतेची आसवे मुळांच्या ठिकाणी असलेल्या इवल्या पिशव्यांनी आणि दवबिंदू पानांवरील चिकट थेंबांनी. साचलेल्या पाण्यात उगवणारा वायतुरा १९८२ मध्ये शास्त्राला प्रथम ज्ञात झाला; त्याचे नर व मादी फुलोरे वेगवेगळ्या रोपांवर येतात आणि पाऊस सरल्यावर त्याचा कंद जमिनीत तग धरून राहतो.

या सर्वांची राखण कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा लगतच्या गावांतील माणसे वनखात्याबरोबरच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत करतात. वाहने लांब थांबवणे, नोंदणीची पावती तपासणे, शुल्क घेणे आणि कचरा वेचणे हा त्यांचा नित्यक्रम असतो. दिवसाला ३,००० पर्यटक ही मर्यादा फाटकापासून माहितीफलकापर्यंत सतत समोर येते. परंतु पाहणाऱ्याचे लक्ष पुनःपुन्हा वेधून घेते ती गेंदाच्या पट्ट्यालगत रेनकोट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून तासन्‌तास उभी असलेली गावातील मार्गदर्शिका. कोणी छायाचित्रासाठी पाऊलवाट सोडली की तिची शिट्टी वाजते आणि पाठोपाठ ‘दादा, पाय दगडावर ठेवा’ अशी विनवणी येते. शाळेची मुले आली की तीच वाकून निळी आसवे दाखवते आणि खालची माती इतकी पातळ का, तेही सांगते. शिट्टी आणि समजावणी ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असणे ही या व्यवस्थेची खरी ताकद आहे.

३,००० ही संख्या फाटकावर मोजली जाते, पण इजा होते ती पावलाखाली. वाटेवरून चालणारे ३,००० लोक सड्याचे फारसे बिघडवत नाहीत. वाट सोडणारे मोजके लोक मात्र ओली माती दाबून त्या जागी पुढच्या वर्षी बी रुजणे अवघड करतात. कुंपणाचा अनुभव आणखी एक गोष्ट सांगतो. पठारावर घातलेले तारेचे कुंपण पुढे काढून टाकावे लागले, कारण गुरांची चराई थांबल्यावर गवत माजते आणि बुटक्या फुलझाडांना उजेड मिळत नाही, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. चराईचे योग्य प्रमाण कोणते हा अभ्यासाचा विषय असला, तरी पिढ्यान्‌पिढ्या तेथे गुरे वळणाऱ्यांचे निरीक्षण डावलून सड्याची राखण होणार नाही.

पठारावरून पुढे जाणारा रस्ता बामणोलीस कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाशी पोहोचतो आणि तेथून वनखात्याच्या परवानगीने बोटीतून वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी, म्हणजे अभयारण्यात, जाता येते. आणखी दक्षिणेस सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात, वारणावतीकडून चांदोलीच्या रानात शिरल्यावर झोळंबीचा सडा लागतो आणि तेथेही तोच जांभा आढळतो. या मोठ्या प्रदेशातून मात्र माणसे दूर गेली: आधी कोयनेच्या पाण्याने खोऱ्यातील गावे उठवली, पुढे चांदोलीतील गावे जंगलासाठी हलवण्यात आली. वाघाला अखंड, माणसांचा वावर कमी असलेले रान लागते हे खरे. परंतु त्याची किंमत ज्या कुटुंबांनी मोजली, त्यांचे ऋण व्याघ्र प्रकल्पाच्या कोणत्याही वर्णनात नोंदवले गेले पाहिजे.

लहान सड्यासाठी कासची रीत अधिक न्याय्य आणि अधिक परिणामकारक आहे, कारण तेथे राखणारा गावातच राहतो. मात्र गर्दीचा पहारा ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरारंभ एवढ्या हंगामापुरता न राहता उरलेल्या महिन्यांतही चालू राहिला पाहिजे, कारण फुले ओसरल्यावर कंद आणि बिया त्याच पातळ मातीत पडून असतात आणि उन्हाळ्यातील वणवा किंवा सड्यावर घातलेले वाहन त्यांनाही तितकेच घातक ठरते. त्यासाठी या मार्गदर्शकांना बारमाही काम आणि योग्य मोबदला मिळणे आवश्यक आहे; आणि पठारावर जाणाऱ्या प्रत्येकाने शिट्टी वाजण्याची वाट न पाहता पाऊलवाटेवरच राहावे.