घरच्या कॉकपिटसाठी सुटे भाग कसे निवडावेत?

दापोलीला धावपट्टी नाही. तरीही शाळेतल्या संगणकावर विमान उडवता येते. ‘फ्लाइटगिअर’ नावाची संगणकप्रणाली त्यासाठी मोफत मिळते. मुले कळफलकावरची बाणांची बटणे दाबतात आणि विमान हेलकावे खात जमिनीवर आपटते. यात चूक मुलांची नाही. बटणाला दोनच गोष्टी सांगता येतात : दाबले किंवा सोडले. विमानाला मात्र ‘किंचित डावीकडे’ हेही सांगावे लागते. मग कोणीतरी म्हणते, “सर, आपणच कॉकपिट बनवूया का?” जरूर बनवावे. पण बाजारात जाण्यापूर्वी थोडा विचार केला, तर पैसे वाया जाणार नाहीत.

हा उद्योग तसा जुना आहे. अमेरिकेतल्या एडविन लिंक यांच्या घरचा कारखाना ऑर्गन बनवण्याचा. १९२९ साली त्यांनी ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर डुलणारे, वळणारे विमान तयार केले. आपल्या भजनातल्या पेटीचा भाता आठवा, म्हणजे कल्पना येईल. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. लिंक यांनी हाताशी असलेली आणि नीट समजलेली वस्तू वापरली. आपणही तेच करू.

संदेश कोणत्या प्रकारचा?

कॉकपिटमधल्या प्रत्येक दांड्याविषयी आधी एकच प्रश्न विचारा : हा संगणकाला काय सांगतो? उत्तरे तीन प्रकारची येतात. दिव्याचा स्विच ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढेच सांगतो. सुकाणू आणि इंजिनाचा थ्रॉटल ‘किती’ ते सांगतात. रेडिओची कंपनसंख्या बदलणारे बटण ‘कोणत्या दिशेने किती टप्पे’ हे सांगते.

पहिल्यासाठी साधा स्विच पुरतो. तिसऱ्यासाठी रोटरी एनकोडर लागतो. त्याच्या आत दोन संपर्क असतात. आधी कोणता जुळला यावरून दिशा कळते आणि किती वेळा जुळला यावरून टप्पे मोजता येतात.

‘किती’ कसे मोजावे?

यासाठी स्वस्त भाग म्हणजे पोटेन्शिओमीटर, रेडिओचा आवाज कमीजास्त करणारा तोच. त्यावर ‘बी १० के’ असे लिहिलेले असावे. ‘बी’ म्हणजे फिरवण्याच्या प्रमाणात बदलणारा. ‘ए’ प्रकार आवाजासाठी असतो. त्याचा बदल सम प्रमाणात होत नाही.

आता थोडे गणित. आर्डुइनो लिओनार्डोसारखा बोर्ड ० ते ५ व्होल्टचे १०२४ भाग करून मोजतो. पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरतो. पण आपला दांडा ६० अंशच हलत असेल, तर १०२४ पैकी साधारण २०५ भागच वापरले जातील. दातेरी चाके लावून हालचाल पाचपट केली, तर सगळे भाग हाती येतील.

दुसरी अडचण हवेची आहे. दापोलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, शिवाय समुद्राची खारी हवा. पोटेन्शिओमीटरच्या आत कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना होणारी खरखर आठवते ना? तीच खरखर इथे विमानाला थरथरवते.

यावर उपाय म्हणजे हॉल सेन्सर. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबकीय क्षेत्र बदलले की त्याचा व्होल्टेज बदलतो. काहीच घासत नाही, म्हणून झीजही नाही. दांड्याच्या आसावर लहान चुंबक आडवा चिकटवा आणि मध्यस्थितीत सेन्सर दोन्ही ध्रुवांच्या बरोबर मध्यावर येईल असा शेजारी ठेवा. मिळणारा बदल साधारण कोनाच्या साइनप्रमाणे असतो. ३० अंशांची साइन ०.५; सरळ रेषेत बदल झाला असता तर ०.५२४ मिळाले असते. एवढा फरक चालतो. सुकाणू सतत हलते, तिथे हॉल सेन्सर घ्यावा. क्वचित हलणाऱ्या दांड्याला पोटेन्शिओमीटर पुरे.

स्विच अनेक, तारा थोड्या

१६ स्विच वेगवेगळे जोडले तर बोर्डाच्या १६ पिना अडकतात. त्याऐवजी चार उभ्या आणि चार आडव्या तारांची जाळी करून प्रत्येक छेदावर एक स्विच ठेवा. ८ पिनांत काम होते. बोर्ड एकेक आडवी तार तपासत जातो. मात्र जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे ‘चालू’ असले, तर चौथाही चालू भासतो. विमानातले स्विच चालू स्थितीतच राहतात, म्हणून ही फसगत हमखास होते. प्रत्येक स्विचला एक डायोड जोडला की ती टळते.

बोर्ड कोणता?

शाळांमध्ये आर्डुइनो उनो बऱ्याचदा असतो. पण त्याची मुख्य चिप स्वतः यूएसबीची भाषा बोलत नाही. लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो या बोर्डांवरची ‘एटीमेगा ३२ यू ४’ ही चिप ती बोलते. त्यामुळे योग्य प्रोग्रॅम घातल्यावर संगणक त्या बोर्डाला थेट जॉयस्टिक समजतो. उनो टाकून देऊ नका. सेन्सर तपासायला तो उत्तम.

खरेदी एकदम करू नये. एक स्विच, एक एनकोडर, एक पोटेन्शिओमीटर, एक हॉल सेन्सर आणि एक बोर्ड एवढेच आधी आणा. मुलांना दर १० अंशांना आकडा नोंदवून आलेख काढू द्या. पावसाळा संपल्यावर तोच आलेख पुन्हा काढा. दोन्ही आलेख शेजारी ठेवले की कोणता भाग पुढे घ्यायचा हे मुलेच सांगतील.