पिकअप गाडीच्या तळाचें आच्छादन

वऱ्हाडांतील बंडीच्या तळाची चिंता कोणास कधीं करावी लागली नाहीं. फळ्यांच्या फटींतून पाणी गळून जाई, चिखल वाळून झडे, आणि पावसाळा संपल्यावर एखादी फळी बदलली कीं काम भागे. आतां अमरावती-अकोल्याकडील पुष्कळ संत्रेवाले व कापूसवाले शेतकरी पिकअप गाडी बाळगूं लागले आहेत. हिच्या केबिनीचा तळ पत्र्याचा व चोहोंकडून मिटलेला. त्यांत शिरलेलें पाणी आपण होऊन बाहेर पडत नाहीं. गाडी घेतांना इंजिन, टायर व कर्जाचा हप्ता यांची दहा ठिकाणीं चौकशी करणारे आमचे बंधु पायाखालच्या आच्छादनाची निवड मात्र दुकानदारावर सोंपवितात. त्यापासून गाडीचा पत्रा तर जातोच, पण प्रसंगीं जिवावरही बेतूं शकतें. म्हणून हा विषय वाचकांपुढें थोड्या विस्तारानें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जाड, पाणी न झिरपणारें मॅट घातलें म्हणजे पत्रा सुरक्षित झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. पत्रा सडविणारें पाणी बहुधा कडांनीं खालीं उतरतें व तेथेंच कोंडून राहतें. आपल्या काळ्या मातींत चिकणमातीचा अंश फार. ती पाणी पिऊन फुगते आणि घेतलेलें पाणी लवकर सोडीत नाहीं. आषाढांत पांदणीनें वावरांत जाऊन आलेला मनुष्य गाडींत बसला कीं बुटांचा गारा मॅटच्या कडेशीं पडतो, तेथून खालीं सरकतो आणि ओल्या पोटिसासारखा पत्र्यास चिकटून बसतो. वर मॅट असल्यामुळें त्यास वारा लागत नाहीं. एक पाऊस वाळण्यापूर्वीं दुसरा येतो. असे कांहीं पावसाळे गेले कीं वरून नवें दिसणारें मॅट उचलतांच खालीं रंग फुगलेला व पत्र्याचे पोपडे निघालेले आढळतात. मॅट जितकें अधिक जलाभेद्य, तितकी त्याखालची ओल अधिक टिकते, हें विसरतां कामा नये.

पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत ही गोष्ट विशेष लागू आहे. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर या बाजूंस विहिरींचें व बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं खारें. त्यानें केबिन धुतली तर पाणी उडून जातें व मीठ मागें राहतें; तें मीठ हवेंतील ओल धरून ठेवतें आणि गंज चढण्याचा वेग वाढवितें. म्युरेट ऑफ पोटॅश हें खतही क्लोराइडयुक्त लवणच होय. त्याची फाटकी गोणी सीटजवळ ठेवून आणण्याची संवय मोडली पाहिजे. या पट्ट्यांतील शेतकऱ्यांनीं तळ पिळलेल्या ओल्या फडक्यानें पुसून घ्यावा, आणि धुवावाच लागला तर शेवटचें पाणी नळाचें किंवा सांठविलेल्या पावसाचें गोडें घ्यावें.

आतां आच्छादनाचे प्रकार. तंतूंचा गालिचा कांहीं महागड्या गाड्यांत कारखान्यांतूनच येतो. शेतीच्या गाडीस तो मुळींच उपयोगी नाहीं. हल्लीं कातड्यासारखें दिसणारें, खालीं स्पंजाचा थर देऊन शिवलेलें मॅट फार खपतें. दिसण्यांत तें सुरेख खरें. परंतु शिवणीच्या भोकांतून पाणी स्पंजांत उतरतें, आणि भिजलेला स्पंज म्हणजे पत्र्यावर कायमचें अंथरलेलें ओलें फडकें. शेवयांसारख्या प्लॅस्टिकच्या वेटोळ्यांचें मॅट धूळ गिळतें, पण काळा गारा त्यांत एकदां भरला म्हणजे धुतां धुतां हात दुखून येतात. साधा विनाइलचा पट्टा स्वस्त व पुसण्यास सोपा. मात्र हलक्या विनाइलमधील मऊपणा आणणारें द्रव्य उष्णतेनें हळूहळू उडून जातें, मग तो ताठ होतो व घडीवर तडकतो. अकोल्यास उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि उन्हांत उभ्या असलेल्या बंद केबिनींत उष्णता त्याहून अधिक असते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे असल्या मालाचें आयुष्य किती तें कळेल.

आमचे मतें गाडीच्याच मॉडेलच्या मापाचें, साच्यांतून काढलेलें, बोटभर कांठ उचललेलें रबराचें अथवा टी. पी. ई. नांवाच्या रबरासारख्या प्लॅस्टिकचें मॅट घ्यावें. कांठामुळें पाणी व गारा मॅटवरच राहतो आणि तें तसेंच उचलून बाहेर ओततां येतें. असें मॅट न मिळाल्यास ३ मि. मी. जाडीचें एकसंध रबरी शीट कापून घालावें. ई. पी. डी. एम. जातीचें रबर नैसर्गिक रबरापेक्षां उन्हांत पुष्कळ टिकतें. तेल व डिझेल मात्र दोहोंसही बाधतें. विकत घेतांना कोपरा दुमडून पाहावा. तडा दिसला किंवा चुरा झडला तर दुसरें दुकान पाहावें. आच्छादन डिंकानें पत्र्यास चिकटवूं नये; चिकटविलेलें पुढें उचलतां येत नाहीं.

मापाचा आग्रह आम्ही केवळ गंजासाठीं धरीत नाहीं. २००९ सालीं अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सॅन दिएगोनजीक टोयोटा कंपनीच्या एका लेक्सस मोटारींत दुसऱ्याच मॉडेलचें रबरी मॅट घातलेलें होतें. त्यांत अ‍ॅक्सिलरेटरचें पेडल अडकलें, गाडी आवरेना, आणि आंतील चौघेही मरण पावले. त्यानंतर कंपनीनें त्या देशांतील सुमारें ३८ लाख गाड्यांच्या मालकांस ड्रायव्हरच्या पायाखालचें मॅट काढून ठेवण्यास सांगितलें. आमच्याकडे मॅटवर युरियाची रिकामी पिशवी किंवा बारदान अंथरण्याची रीत आहे. त्यानें मॅट स्वच्छ राहतें, पण पिशवी गुळगुळीत; ती पायाबरोबर सरकते व ब्रेकखालीं गोळा होते. ड्रायव्हरच्या बाजूस एकावर एक दोन आच्छादनें कधींही नसावींत. मॅट बसविल्यावर इंजिन बंद ठेवून तें हातानें पुढें ढकलावें आणि तिन्ही पेडलें तळापर्यंत दाबून सोडावीं. एकही अडखळलें तर तें मॅट परत करावें. तळास हूक असल्यास त्यांत तें अडकवावेंच.

विषारी औषधांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. २०१७ च्या खरीप हंगामांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीस किंवा त्याहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. कीटकनाशकें श्वासावाटे जातात तशीं कातडींतूनही अंगांत शिरतात. बाटली सीटखालीं आडवी होऊन गळली तर स्पंज तें औषध पिऊन टाकतो, आणि कांचा बंद करून बसलेल्या माणसांच्या नाकांत तें पुढें कित्येक दिवस जात राहतें. मुलें तर तेथेंच अनवाणी पाय ठेवतात. रबरी मॅटवर सांडलेलें निदान दिसतें व काढतां येतें. तरी तेलकट औषध रबरांतही मुरतें, म्हणून असें मॅट धुऊन वापरण्यापेक्षां बदलणेंच बरें. औषधें केबिनींत आणूंच नयेत. मागच्या हौद्यांत झांकणाच्या पेटींत, उभीं, आणि धान्य व ढेप यांपासून दूर ठेवावींत. खाद्यपदार्थ व पशुखाद्य यांस कीटकनाशकाचा स्पर्श होईल अशा वाहतुकीस १९७१ च्या कीटकनाशक नियमांनींही मनाई आहे.

पावसाळ्यांत आठवड्यांतून एकदां मॅट उचलून उन्हांत उभें करावें व दोन्ही दारें उघडून तळास वारा द्यावा. पुष्कळ गाड्यांच्या तळांत रबरी बुचें असतात. पाणी फार शिरल्यास तीं काढून तें वाहूं द्यावें व पुन्हां घट्ट बसवावीं. वेचणी सुरू होण्यापूर्वीं उघडीप मिळाली कीं सगळा तळ मोकळा करून पाहावा. गंजाचा ठिपका दिसल्यास स्वच्छ पत्रा लागेपर्यंत तारेच्या ब्रशानें घासावा, प्रायमरचा हात देऊन तो वाळल्यावर रंग लावावा, आणि रंग पुरता सुकल्यावांचून मॅट घालूं नये. इतकें करूनही एकाच कोपऱ्यांत पुन्हां पुन्हां ओल आढळली, तर दाराचें रबर व पुढच्या कांचेची कड तपासून घ्यावी.