कट्‌ वाजलं, मान सुटली?

हनुवटी मागे घेण्याचा व्यायाम या खेपेला सांगणार होतो. तो आणखी एक आठवडा थांबेल. आमच्याकडच्या फडके रोडच्या अलीकडे राहणाऱ्या एका वाचकांची चिठ्ठी आली आणि माझा हात तिकडेच वळला. ते लिहितात, "सहा आठवडे तुम्ही या सदरात स्नायूंच्या गाठी दाबताय. आमचा सलूनवाला दाढी झाली की एक हात हनुवटीला लावतो, एक टाळूवर. इकडे एक झटका, तिकडे एक. कट्‌, कट्‌, मान मोकळी. वेगळे पैसेही घेत नाही. मग तुमच्याकडे कशाला यायचं?"

पैशांचं वाक्य जरा लागलं, पण प्रश्न रास्त आहे.

आधी आवाजाचं बघू. मानेच्या मणक्यांना मागच्या अंगाने, दोन्ही बाजूंना, छोटे सांधे असतात आणि सांध्याच्या पिशवीत बुळबुळीत द्रव. सांधा झटक्यात फाकला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना हेच होतं. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआय चालू असताना बोट ओढून ती पोकळी चित्रात पकडली. एकदा वाजलेला सांधा साधारण वीस मिनिटं पुन्हा वाजत नाही. थोडक्यात, काही 'जागेवर बसल्याचा' हा आवाज नव्हे.

डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना लहानपणी आई, मावश्या आणि पुढे सासूबाईही बजावत, बोटं मोडू नकोस, संधिवात होईल. या गृहस्थांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. संधिवात दोन्ही हातांना नाही! २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं. कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढणाऱ्या आपल्या आज्यांना हे विचारायची गरज पडली नसती.

पण मान म्हणजे बोट नव्हे. मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर जातात आणि पहिल्या मणक्यापाशी वळण घेतात. मान जोरात पिळली तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी धरते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. हे क्वचित होतं, पण ज्याला होतं त्याला क्वचित या शब्दाचा काय उपयोग? शिकलेले थेरपिस्टही मानेला झटका देतात, पण आधी चक्कर, रक्तदाब, हाडांचा ठिसूळपणा हे सगळं विचारून. स्नायूंच्या दुखण्यासाठी मी तो देत नाही.

चिठ्ठीवाले शनिवारी स्वतःच आले. रोजचा प्रवास लोकलच्या चौथ्या सीटवर: अर्धं बूड टेकलेलं, अंग गल्लीकडे वळलेलं, उजव्या खांद्याला बॅग, मान मोबाइलमध्ये. उजवा खांदा बोटभर वर चढलेला. पालथं झोपवलं आणि खांद्यावरच्या ट्रॅपिझियस स्नायूची कड चिमटीत धरली. आत सुतळीसारखी ताठ तार, आणि तारेच्या मध्यावर मटाराएवढी जागा. तिथे अंगठा रुतवला तसे ते म्हणाले, "अहो, हे कानशिलात गेलं!" स्नायूतल्या गाठीचं दुखणं कुठे पोचतं याचे नकाशे काढणाऱ्या डॉक्टर ट्रॅव्हेलबाईंनी ही वाट तशीच दाखवली आहे.

दाब किती? त्यांनी दहापैकी सहा म्हणेपर्यंत. मग चोळायचं नाही, घासायचं नाही, नुसतं थांबायचं. अर्ध्या मिनिटाने त्यांनी विचारलं, "अंगठा काढलात का?" काढला नव्हता. दाब तोच होता, सैल पडली होती ती गाठ.

मग उताणं करून मान डावीकडे कलती केली. श्वास घेताना डोकं माझ्या तळव्यावर हलकेच रेटा, दहा आकडे धरा, आता श्वास सोडा. प्रागच्या कारेल लेवित यांची ही रीत. तीन वेळा केलं, तर मान आपणहून दोन बोटं पुढे सरकली.

"वाजलं नाही," ते जरा हिरमुसून म्हणाले.

झटक्यानेही मोकळं वाटतं हे खरंच. सांध्याभोवतीचे स्नायू घटकाभर पकड सोडतात, पण मटार जागच्या जागी राहतो आणि सकाळच्या फास्टमध्ये पुन्हा ठणकतो. माझ्या अंगठ्याचा गुणही काही दिवसच टिकतो, बॅग त्याच खांद्यावर राहिली तर त्याहून कमी. त्यांना सांगितलं, चंपी खुशाल करून घ्या, खांदे रगडून घ्या, पण हात हनुवटीकडे वळला की उठा. आणि मानदुखीबरोबर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं असलं काही आलं तर ना सलून ना मी, सरळ हॉस्पिटल.

त्यांनी हे सगळं सलूनवाल्याला जाऊन सांगितलं असणार. सोमवारी सलून बंद असतं. या सोमवारी दुपारी तो माझ्या दारात उभा होता, डाव्या हाताने उजवा खांदा चोळत. दिवसभर हात वर धरून कात्री चालवायची, त्याला दुसरं काय होणार?