अपघात झाला, पावती कुणाच्या नावाने फाडायची?

करांवरच्या या व्याख्यानांत आज एक छोटा, पण डोक्याला ताप देणारा विषय घेऊ. आपण 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते आणि पैसे मागत नाही. अमेरिकेत रुग्णवाहिकेचं बिल येतं, हे तिथे मुलंबाळं असलेल्यांना माहीत असेल. मी त्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतोय ते अपघातस्थळी नुसती अग्निशमन दलाची गाडी येऊन गेली, तर तिच्या बिलाबद्दल. काही अमेरिकी शहरं असं बिल पाठवतात. अधिकृत भाषेत त्याला शुल्क म्हणतात, विरोधक त्याला ‘क्रॅश टॅक्स’ म्हणतात. सगळं भांडण या दोन शब्दांतच आहे.

न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. महापौर ब्लूमबर्ग यांच्या काळात, 2010 च्या अखेरीस, तिथल्या अग्निशमन दलाने दरपत्रकच मांडलं. अपघातात कुणी जखमी असेल तर 490 डॉलर, जखमी नाही पण गाडीला आग लागली तर 415, आणि यातलं काहीच नसेल तर 365. जुलै 2011 पासून वसुली सुरू करायची होती. लोक इतके भडकले की प्रस्ताव गुंडाळावा लागला.

शहरं एवढी हातघाईवर का आली? एक तर 2008 च्या मंदीत घरांच्या किमती पडल्या, आणि तिथली नगरपालिका बऱ्याच अंशी मालमत्ता करावर जगते. दुसरं म्हणजे अग्निशमन दलाचं कामच बदललंय. 1980 मध्ये देशभरात सुमारे 30 लाख आगी लागल्या होत्या, 2010 मध्ये जेमतेम 13 लाख. आता घंटा वाजते ती बहुतेक वेळा कुणाला छातीत दुखतंय म्हणून, नाहीतर अपघात झाला म्हणून. मग काही नगरपालिकांनी हिशोब मांडला: आमच्या हद्दीतून जाणारा परगावचा माणूस कर भरत नाही, तर निदान त्याच्याकडून तरी घ्या. स्थानिकांना माफी, पाहुण्याला बिल. मतदारही नाराज होत नाही! (राजकारणाच्या दृष्टीने युक्ती झकास आहे, एवढं मान्य करायला हवं.)

आता बिलाचा प्रवास बघा. बऱ्याच ठिकाणी ते पाठवते एक खाजगी वसुली कंपनी, आणि वसुलीतला ठरावीक हिस्सा तिचा. बिल आधी विमा कंपनीकडे जातं. पण गाडीचा विमा असतो दुसऱ्याच्या शरीराला आणि मालमत्तेला झालेल्या हानीसाठी. अग्निशमन दल आलं ही काही कुणाची हानी नव्हे. त्यामुळे पुष्कळ विमा कंपन्या हात वर करतात, आणि पाकीट येऊन पडतं चालकाच्या दारात.

तर हा कर की शुल्क? शुल्क म्हणजे काय, तर मी मागितलेल्या सेवेचा मोबदला. पोहण्याच्या तलावाचं तिकीट हे शुल्क. अपघातात मी काय मागितलं? पुष्कळदा फोनसुद्धा रस्त्यावरून जाणाऱ्या तिसऱ्याच माणसाने केलेला असतो.

अमेरिकी न्यायालयांपुढे हा प्रश्न जुनाच आहे. ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ शहरात रेल्वेचे द्रवरूप पेट्रोलियम वायूने भरलेले टँकर रुळांवरून घसरले. आसपासच्या लोकांना हलवावं लागलं. शहराने तो खर्च रेल्वेकडे मागितला. 1983 मध्ये संघीय अपील न्यायालयाने नकार दिला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी, जे पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. मुद्दा असा की आग आणि धोक्यापासून संरक्षणाचा खर्च सगळ्या समाजाने मिळून उचलायचा असतो. चूक एखाद्याची असली तरीही. मात्र विधिमंडळाला वेगळं ठरवायचं असेल तर त्याने तसा कायदा करावा.

आणि कायदे झालेतही, दोन्ही बाजूंनी. इंडियाना, मिसुरी, टेनेसी अशा राज्यांनी या वसुलीवर बंदी किंवा मर्यादा घातली. कॅलिफोर्नियाने उलट, दारू पिऊन निष्काळजीपणे गाडी चालवणाऱ्याने अपघात केला तर मदतकार्याचा खर्च त्याच्याकडून वसूल करायची मुभा दिली, कमाल 12,000 डॉलरपर्यंत. मला हा अपवाद पटतो, कारण तिथे पैसे मागितले जातात ते बेदरकारपणाबद्दल, मदत मिळाली म्हणून नव्हे.

सरसकट बिलात मला खटकतं ते वेगळंच. गाडी ठोकली आहे, इंजिनातून धूर येतोय, आणि चालक 911 दाबण्याआधी मनात 415 डॉलरची बेरीज करतोय. धूर वाढायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय ती गाडी विझवली जाते ती फक्त त्याच्यासाठी नाही, मागे अडकलेल्या शंभर गाड्यांसाठीही. त्यांना मात्र कुणी बिल पाठवत नाही.

तुमच्यापैकी कुणी तिकडे गाडी चालवणार असाल, तर पॉलिसी काढताना एवढं विचारून ठेवा: अग्निशमन दलाचं शुल्क त्यात धरलंय का? आणि बिल आलंच, तर भरण्याआधी त्या राज्यात अशी वसुली कायदेशीर आहे का ते तपासा.