भाड्याची बाबागाडी

गोंदियाला लागून असलेल्या फुलचुराचें एखादें कुटुंब विदर्भ एक्सप्रेसनें रात्रभर प्रवास करून कल्याणास उतरतें आणि खोपोलीजवळचें, २०१३ सालीं उघडलेलें इमॅजिका उद्यान गांठतें. घरीं दिवसभर बागडणारें चार वर्षांचें मूल तेथें दुपारीं एकाएकीं खालीं बसतें. तो हट्ट नव्हे. प्रवासाचा शीण, ऊन आणि रांगांतील तिष्ठणें यांचा तो परिणाम होय. अशा ठिकाणीं बाबागाडीचें भाडें चैनींत मोडत नाहीं.

घडीची गाडी हलकी झाली ती ओवेन मॅक्लारेन या इंग्रज विमान-अभियंत्यामुळें. १९६५ सालीं त्यानें ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी योजिली. पण हलकेपणाबरोबर धोकाही आला. मुठीला पिशव्या अडकविल्या कीं भार मागें जातो आणि गाडी उलथते. कधीं कधीं मुलासकट! पिशवी आसनाखालच्या जाळींत ठेवावी हें बरें.

गाडी ताब्यांत घेण्यापूर्वीं ब्रेक लावून ती ढकलून पाहावी, पट्टाही ओढून पाहावा. मान न धरणाऱ्या तान्ह्यास बसती गाडी चालत नाहीं. त्यास अंगाशींच घ्यावें. उन्हापासून जपण्याकरितां गाडीवर जाड ओढणी टाकण्याची माउलींची रीत मात्र घातक आहे. आंत हवा कोंडते, उष्मा वाढतो, आणि झोपलेल्या मुलाची तलखी बाहेर दिसत नाहीं. त्यापेक्षां गाडी सावलींत न्यावी, पाणी पाजावें.

भाड्याच्या गाड्या साऱ्या एकसारख्या. तेव्हां मुठीला घरचा रंगीत रुमाल बांधावा.